मदत कोणाच्या नावे?

२०१९ सालच्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या ईशान्य भागात, एका लहानशा धर्मग्रामात तीन महिने सेवेसाठी राहिलो. तेथील धर्मगुरू प्रकृतीच्या कारणाने रजेवर होते आणि मिस्सा अर्पण करण्यास, आजाऱ्यांना भेटी देण्यास कोणीतरी हवे होते. तो सारा प्रदेश मिसिसिपी नदीच्या गाळाचा. जमीन ताटासारखी सपाट; क्षितिजापर्यंत भाताची व सोयाबीनची शेते, मधूनमधून धान्याची पत्र्याची उंच कोठारे, आणि माणूस मात्र मैलोगणती दृष्टीस पडत नाही. वसईच्या वाडीत वाढलेल्या आमच्यासारख्याला, ज्याच्या केळीची सावली शेजाऱ्याच्या अळूवर पडते, हे दृश्य प्रथम भव्य वाटले आणि आठवड्याभराने उदास.

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक गृहस्थ मंदिराच्या दाराशी रेंगाळले. वय साठीच्या आसपास, चेहरा उन्हाने रापलेला, हातांवर शेतकऱ्याचे घट्टे. इतर मंडळी आपापल्या मोटारींकडे गेल्यावर त्यांनी हळूच विचारले, "फादर, सरकारकडून शेतीसाठी मिळणारा पैसा घेणे पाप आहे काय?"

आम्ही हसलो. आम्हांस ती थट्टा वाटली. ते हसले नाहीत.

त्या दिवशी आम्ही त्यांस जे उत्तर दिले ते पुस्तकी होते. आणि पुष्कळ पुस्तकी उत्तरांप्रमाणे ते बरोबरही होते व निरुपयोगीही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची इतक्या वर्षांनी केलेली दुरुस्ती, असे वाचकांनी समजावे.

त्यांची हकीकत अशी. ते सुमारे दोन हजार एकर जमीन कसत. (हा आकडा वाचून कोणास छापखान्याची चूक वाटेल, पण ती नाही. तेथील यंत्रे एवढी अजस्र आहेत की बाप, मुलगा आणि दोन गडी इतक्या माणसांत हे काम उरकते.) यांपैकी त्यांच्या स्वतःच्या मालकीची जमीन पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बाकीची खंडाने घेतलेली, आणि तिचे मालक कोणी मेम्फिसला राहणारे, कोणी लिटल रॉकला, कोणी आणखी दूर. २०१८ साली अमेरिका आणि चीन यांच्यात जकातीचे युद्ध पेटले. चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा जकात बसवली व भाव कोसळले. तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना भरपाई देऊ केली : २०१८ साली १२ अब्ज डॉलरपर्यंत आणि २०१९ साली १६ अब्ज डॉलरपर्यंत. दुसऱ्या वर्षीची रीत मोठी विलक्षण होती. प्रत्येक काउंटीला (आपल्या तालुक्याहून मोठा, जिल्ह्याहून लहान असा विभाग म्हणजे काउंटी, असे ढोबळमानाने म्हणता येईल) एकरी एकच दर ठरवून दिला गेला. कुठे १५ डॉलर, तर कुठे १५० डॉलरपर्यंत. काउंटीची हद्द एखाद्या बांधावरून जात असली की बांधाच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा. पाऊस तोच, सोयाबीन तेच, बाजारही तोच.

आणि दर एकरी असल्यामुळे ज्याचे एकर अधिक त्याचा धनादेश मोठा. आमच्या या गृहस्थांना बरीच रक्कम मिळाली. त्यांच्या शेजाऱ्याकडे तीनशे एकर होते, त्यालाही मिळाली. पण तेवढ्याने बँकेचे समाधान झाले नाही व पुढच्या हंगामाचे कर्ज त्याला नाकारण्यात आले. "माझ्या हाती रोख पैसा होता, फादर. त्याच्या हाती नव्हता. तो ज्या मालकाची जमीन कसत होता ती मी खंडाने घेतली. मी घेतली नसती तर दुसऱ्या कोणी घेतली असती. पण त्याची बायको गायनवृंदात माझ्या बायकोशेजारी उभी राहून गात असे. आता ते कुटुंब गाव सोडून गेले."

म्हणजे संकटात सापडलेल्या शेतकऱ्यांना तगवण्यासाठी निघालेल्या पैशाने एका शेतकऱ्याला दुसऱ्याची जमीन घेण्याचे बळ दिले. यात कोणी लबाडी केली नव्हती. अर्जात खोटे लिहिले नव्हते. कायद्यात जे होते तेच घडले होते.

हे असे का घडते, याचा शोध घेताना आम्हांस बरेच मागे जावे लागले, पण स्थळापासून फार दूर जावे लागले नाही. आमच्या मुक्कामापासून मोटारीने तासाभराच्या आत पॉइन्सेट काउंटीत टायरोन्झा नावाचे खेडे आहे. तेथील एका जुन्या इमारतीत आज लहानसे संग्रहालय आहे. एके काळी तेथे एच. एल. मिचेल यांचे कपडे धुण्याचे दुकान आणि शेजारी क्ले ईस्ट यांचा पेट्रोल पंप होता. या दोन सामान्य दुकानदारांनी जे केले ते समजण्यासाठी १९३३ साल आठवले पाहिजे.

जागतिक मंदीच्या त्या वर्षांत कापसाचा भाव पार ढासळला होता. १९२९ साली पौंडाला १६-१७ सेंट मिळत, ते १९३१-३२ साली सहा सेंटांच्या आसपास आले. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने मे १९३३ मध्ये शेती-समायोजनाचा कायदा केला. त्यामागचा विचार सरळ होता : माल कमी झाला तर भाव चढेल, म्हणून जो शेतकरी आपली काही जमीन पडीक ठेवील त्याला सरकार पैसे देईल. परंतु कायदा झाला तेव्हा कापूस शेतात उभा होता. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरील उभे पीक नांगरून टाकण्यात आले. साठ लाखांच्या आसपास डुकरे मारली गेली; त्यांपैकी काहींचे मांस गरिबांना वाटले, बरेचसे खतात गेले. लोक अन्नावाचून व वस्त्रावाचून असताना हे झाले. शेतीखात्याचे मंत्री हेन्री वॉलेस स्वतः आयोवाच्या शेतकरी घराण्यातले. आपल्याला हे करावे लागते हा आपल्या संस्कृतीवरचा ठपका आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी नंतर काढले. दक्षिणेतील खेचरांची एक गोष्ट अजून सांगतात. पिकाची रांग तुडवायची नाही, हे त्या जनावरांना जन्मभर शिकवलेले. आता त्याच रांगेवरून नांगर ओढायला ती तयार होईनात.

खेचरांना जे पटले नाही ते माणसांनी केले. पण आमचा मुद्दा तो नाही. पीक नष्ट करण्याचा प्रकार एकाच हंगामापुरता होता आणि तो किती वाईट होता हे तेव्हाही सर्वांना कळत होते. खरा प्रश्न पैसे वाटण्यात होता, आणि तो कोणाला फारसा दिसला नाही.

दक्षिणेतील कापूस कसत कोण होते? मालक नव्हे. जमीन मोठ्या मळेवाल्यांची आणि राबणारे वाटेकरी, काही कृष्णवर्णीय, काही गोरे. त्यांना बी, खेचर आणि झोपडी मालकाची. दुकानात उधारी मालकाची. आणि शेवटी अर्धे पीक मालकाचे. १९३४-३५ च्या करारात सरकारने पडीक ठेवलेल्या जमिनीसाठी, तीत पिकू शकणाऱ्या कापसाच्या हिशेबाने पौंडामागे एकूण साडेचार सेंट ठरवले. त्यांपैकी चार सेंट मालकाचे व अर्धा सेंट वाटेकऱ्याचा. तो अर्धा सेंटही मालकाच्या हातून यायचा, आणि मालकाच्या हातात उधारीची वही असायची. त्याहून वाईट असे की जमीनच पडीक राहणार असेल तर ती कसणारा माणूस हवा कशाला? करारात एक कलम होते, सातवे. शक्य असेल तितपत मालकाने कुळांची नेहमीची संख्या कायम राखावी, असे ते सांगत होते. 'शक्य असेल तितपत' या तीन शब्दांतून किती माणसे बाहेर पडू शकतात हे ज्यांनी ते लिहिले त्यांना माहीत नसावे, असे आम्हांस तरी वाटत नाही.

टायरोन्झाजवळच्या एका मळ्यावरून २३ कुटुंबांना काढून लावण्यात आले. जुलै १९३४ मध्ये जवळच्या एका लहान शाळेत अठरा माणसे जमली : अकरा गोरे व सात कृष्णवर्णीय. त्या काळच्या आर्कान्सात या दोन वर्णांची माणसे एका खोलीत बसणे हेच धाडस. जमलेल्यांत एक वृद्ध होता, ज्याने १९१९ साली त्याच राज्यातील इलेन येथे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या संघटनेचा झालेला रक्तपात सोसला होता. आपण वेगवेगळ्या संघटना काढाव्यात की एकच, असा प्रश्न निघाला तेव्हा त्याने एकच असावी असे सांगितले. मिचेल व ईस्ट यांच्या पुढाकाराने 'दक्षिणी कूळ शेतकरी संघ' जन्मास आला तो असा. त्याच्या सभा उधळल्या गेल्या, कार्यकर्त्यांना मारहाण झाली. जानेवारी १९३५ मध्ये वॉशिंग्टनहून मेरी कॉनर मायर्स या वकीलबाई चौकशीसाठी आल्या. त्यांनी घरोघर जाऊन जबाब घेतले व अहवाल दिला; तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. शेतीखात्यातील काही वकिलांनी सातव्या कलमाचा अर्थ असा लावला की मालकाने तीच माणसे ठेवली पाहिजेत, नुसता आकडा जुळवून भागणार नाही. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांनाच बडतर्फ करण्यात आले. वॉलेस यांनी त्यास संमती दिली. ते दुष्ट नव्हते. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या प्रतिनिधींवाचून त्यांचा कायदा संसदेत टिकला नसता.

पुढे दुरुस्ती झाली. वाटेकऱ्याचा हिस्सा थेट त्याला द्यावा, असे नियम आले. मग पुष्कळ मालकांनी वाटेकरी ठेवणेच बंद केले आणि त्याच माणसांना रोजंदारीवर घेतले; रोजंदाराला हिस्सा नसतो. सरकारी पैशातून ट्रॅक्टर आले, आणि एका ट्रॅक्टरमागे कित्येक घरे ओस पडली. म्हणजे अन्यायाची वाट बुजवली तर त्याने दुसऱ्या बाजूने चर काढला. याचे कारण आमच्या मते एकच : मदत जमिनीला बांधलेली होती, माणसाला नव्हे. पाणी जसे उताराकडे जाते तशी जमिनीला बांधलेली मदत ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडे जाते. वाटेत किती बांध घातले तरी ती झिरपत तिकडेच पोहोचते.

हीच गोष्ट आजही तशीच आहे. काउंटीच्या दप्तरात प्रत्येक शेताची 'आधारभूत' एकरांची नोंद असते, म्हणजे पूर्वी केव्हा तेथे कोणते पीक होते त्याचा हिशेब. भाताचा बाजारभाव कायद्याने ठरवलेल्या भावाखाली गेला की त्या नोंदीवर पैसे मिळतात, मग शेतकऱ्याने त्या वर्षी प्रत्यक्षात सोयाबीन का पेरले असेना. २०२५ साली भाताचा हा भाव शंभर पौंडांस १४ डॉलरांवरून १६.९० डॉलर करण्यात आला. एका व्यक्तीस वर्षाला किती मिळावे यावर मर्यादा आहे. ती १,२५,००० डॉलर होती, २०२५ मध्ये १,५५,००० झाली. पण 'व्यक्ती' कोण, यात सारी मेख. शेतीत प्रत्यक्ष राबणारा कुटुंबीय म्हणून कोणाला गणावे, याची व्याख्या २०१८ सालच्या कायद्याने चुलत-मावस भावंडे, पुतणे, भाच्या इथपर्यंत वाढवली. आपल्याकडील एकत्र कुटुंबाची पद्धत अमेरिकेत कुठेच राहिलेली नाही असे आम्ही समजत होतो. ती शेती-अनुदानाच्या अर्जात सुरक्षित आहे.

शिवाय मालक जमीन खंडाने देतो तेव्हा तिच्यावर सरकारकडून किती येणार हे त्याला ठाऊक असते, आणि खंड त्या हिशेबाने चढतो. किती चढतो याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत वाद आहे. चढतो याबद्दल फारसा नाही. आमच्या त्या गृहस्थांनीही हेच सांगितले. भरपाईची बातमी वर्तमानपत्रात आली त्याच महिन्यात मेम्फिसच्या मालकाचा त्यांना दूरध्वनी आला होता.

अर्ज ज्या कचेरीत जातात तिच्यावर देखरेख ठेवणारी समिती त्या काउंटीचे शेतकरीच निवडून देतात. ही लोकशाहीची मोठी सुंदर कल्पना आहे, आणि तीच अनेक दशके कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या गळ्याभोवतीचा फास ठरली. कारण समितीत त्यांचे कोणी नसे. त्यांना कर्जे उशिरा मिळत किंवा मिळतच नसत, आणि पेरणी निघून गेल्यावर मिळालेल्या कर्जाचा उपयोग काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. १९९७ साली त्यांनी सरकारवर दावा लावला. १९९९ च्या तडजोडीत पंधरा हजारांहून अधिक जणांना मिळून सुमारे एक अब्ज डॉलर देण्यात आले आणि ज्यांचे अर्ज तेव्हा राहून गेले त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी सव्वा अब्जाची तरतूद झाली. तोवर कित्येकांची जमीन गेलेली होती.

येथे पवित्र शास्त्रातील एक प्रसंग आठवतो, जो आपण प्रवचनात सहसा अर्धाच सांगतो. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले आणि दुष्काळात लोकांना जगवले. वॉलेस यांना ही कथा फार प्रिय होती. सुकाळात साठवावे व टंचाईत बाहेर काढावे अशा 'सदा भरलेल्या कोठारा'ची कल्पना त्यांनी या कथेतून व प्राचीन चीनच्या रिवाजातून घेतली आणि १९३८ च्या कायद्यात आणली. पण उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात पुढे काय होते? दुष्काळ लांबतो. लोक प्रथम पैसे देऊन धान्य घेतात, पैसे संपल्यावर गुरे देतात, गुरे संपल्यावर जमीन, आणि अखेरीस स्वतःलाच फारोचे दास म्हणून देतात. याजकांची जमीन तेवढी विकावी लागत नाही, कारण त्यांना फारोकडून नेमणूक असते! हा तपशील वाचताना आम्ही याजकांनी थोडे खाली पाहावे. लोक योसेफाचे आभार मानतात. तू आमचे प्राण वाचवलेस, म्हणतात. आणि खरेच वाचवलेले असतात. जीव वाचवणारी मदत जमीन हिरावणारीही असू शकते, हे इतक्या स्वच्छपणे आम्ही दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

आमचे पुस्तकी उत्तर कोणते होते ते आता सांगावयास हरकत नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो की न्याय दोन परींचा : देवाणघेवाणीतला आणि वाटपातला. मी तुझी वस्तू घेतली तर परत केली पाहिजे, हा पहिला. समाजाचे जे सामाईक आहे ते सत्ताधाऱ्याने प्रत्येकास योग्य प्रमाणात द्यावे, हा दुसरा. वाटप चुकले तर दोष वाटणाऱ्याचा. घेणाऱ्याने लबाडी केली नसेल तर त्याच्यावर परतफेडीचे बंधन नाही. म्हणून आम्ही त्यांस म्हणालो, "आपण खोटे बोलला नाहीत. पाप नाही." त्यांनी "थँक यू, फादर" म्हटले आणि ते मोटारीत बसून निघून गेले. ज्याला औषध हवे होते त्याला आम्ही निरोगी असल्याचा दाखला दिला होता.

पुढे कधीतरी संत थॉमस अक्वायनस यांच्या त्याच प्रकरणात आमच्या नजरेस एक छोटी पुस्ती पडली. विद्यार्थिदशेत ती परीक्षेला येत नसल्यामुळे सुटली असावी. ते म्हणतात की वाटप करणे हे सत्ताधाऱ्याचे काम खरे, पण ज्यांना मिळते त्यांच्यातही वाटपाचा न्याय एका परीने वसतो : न्याय्य वाटपात ते समाधान मानतात तेव्हा. हे वाक्य उलट बाजूने वाचून पाहावे. अन्याय्य वाटपात ज्याला समाधान वाटते तो त्या अन्यायाचा नुसता साक्षीदार राहत नाही. आणि ज्याला समाधान वाटत नाही, जो रविवारी दाराशी रेंगाळतो, त्याच्यात न्यायाचा अंश जागा आहे. आम्ही तो निजवला.

शेतकऱ्याला मदत करू नये असे ख्रिस्तसभेने कधी म्हटलेले नाही. शेती हा मागे राहिलेला व्यवसाय आहे, त्याचे उत्पन्न सावकाश येते व धोक्याचे असते. म्हणून कर, कर्ज, विमा आणि भाव या सर्वच बाबतींत सरकारने त्याला आधार द्यावा, असे पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात सविस्तर मांडले. अमेरिकेच्या बिशपांनी १९८६ साली अर्थव्यवस्थेवर जे पत्र काढले त्यात शेतीवर स्वतंत्र विवेचन असून मदतीचा ओघ कुटुंबाने चालवलेल्या लहान व मध्यम शेतीकडे वळवावा असा आग्रह आहे. आमच्या त्या मित्रांनी हे पत्र पाहिलेले नव्हते. त्यांच्या उत्पादक संघाच्या वार्षिक सभेत मात्र दर वेळी मदतीची मर्यादा वाढवून मागणारा ठराव येतो आणि दर वेळी ते हात वर करतात, हे त्यांनीच आम्हांस सांगितले होते. आज ते भेटले तर आम्ही त्यांना म्हणू : पैसा घ्या, कारण नाकारलात तर तो परत त्या शेजाऱ्याकडे जाणार नाही. पण त्या सभेत हात वर करू नका. आणि शेजारी कुठे गेला त्याचा पत्ता काढा. तो परत येऊ शकत असेल, तर त्याचे ते तीनशे एकर तुम्ही खंडाने का धरून ठेवावेत, हे स्वतःला विचारा.

हे त्यांना कठीण जाईल. लेवीय ग्रंथातले सरवा वेचू देण्याचे नियमही शेतमालकांना कठीणच गेले असतील. शेताची कड कापू नये, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावीत. यात मालकाने यादी करायची नाही, कोणाला पात्र ठरवायचे नाही. गरिबाने स्वतः शेतात यायचे आणि घ्यायचे. रूथ परदेशी होती, तिच्या नावावर इस्राएलात हातभर जमीन नव्हती. आपल्या प्रभूच्या वंशावळीत ती आहे ती या नियमामुळे.

कापसाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे बरे नाही, कारण अमेरिकेतल्या काउंटीतला हा पैसा विदर्भातल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो, अर्थात उलट्या अंगाने. अनुदानाच्या बळावर तेथे कापूस अधिक पिकतो, जगाच्या बाजारात भाव दबतो, आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याला तो भाव घ्यावा लागतो. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली व जिंकली. तेव्हा अमेरिकेने आपले अनुदान लगेच बदलण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ साली आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. आपल्या शेतकऱ्याला देता यावे म्हणून परक्या शेतकऱ्यालाही द्यायचे! बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी २००३ मध्ये हेच गाऱ्हाणे मांडले होते. त्यांच्यापाशी ब्राझीलसारखे दडपण आणण्याचे साधन नव्हते, आणि त्यांना असा धनादेश गेला नाही.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, फादर, अमेरिकेचे गाऱ्हाणे आम्हांस कशाला? आम्हीही परत आलो ते याच समजुतीने, की एक दूरदेशीचा प्रश्न पाहून आलो.

२०१९ सालीच आपल्या देशात प्रधानमंत्री किसान सन्मान निधी सुरू झाला. वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून आपल्या राज्याने त्यात आणखी सहा हजारांची भर घातली. रक्कम अमेरिकेच्या मानाने चिमूटभर, पण बांधलेली आहे ती जमिनीलाच. सातबाऱ्यावर नाव असेल तर शेतकरी. नसेल तर, मग उभा जन्म चिखलात गेला असला तरी, शेतकरी नव्हे. अवकाळी पावसाची भरपाईही याच वाटेने येते. आपल्या वाड्यांत आज राबते कोण, हे प्रत्येकाने आपल्या अंगणातून नजर टाकून पाहावे. मुले मुंबईला नोकरीस, काही आखातात, काही कॅनडात. पाणी सोडतो, खुरपणी करतो, भाजी काढतो तो आदिवासी बांधव. कुठे रोजाने, कुठे वाट्याने. वाट्याची गोष्ट मात्र कागदावर येता कामा नये, याची आपण फार काळजी घेतो.

ती का घेतो, तेही आपल्याला चांगले ठाऊक आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा तो कृषक दिन. कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवणाऱ्या त्या कायद्याने आपल्यापैकी कित्येक घरांच्या दाराशी सातबारा आणून ठेवला. आजोबा कूळ होते म्हणून नातू मालक आहे. आणि नातू आपल्या वाटेकऱ्याचे नाव कुठे नोंदले जाऊ नये म्हणून दर दोन वर्षांनी माणूस बदलतो. टायरोन्झाच्या मळेवाल्यांनी वाटेकऱ्यांचे रोजंदार केले ते वाचताना आम्हांस ही माणसे ओळखीची का वाटली, याचे उत्तर आम्हांस फार शोधावे लागले नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एक वारली बाई धर्मग्रामाच्या कचेरीत आली. तिने व तिच्या नवऱ्याने आपल्यातल्याच एका कुटुंबाची भातजमीन वाट्याने केली होती. कापणीच्या तोंडावर पाऊस झाला व भात आडवा झाला. पंचनामा झाला; भरपाई आली तर ती मालकाच्या बँकखात्यात येणार. तिला अर्ज लिहून हवा होता. आम्ही कागद घेतला, तारीख घातली, गावाचे नाव, गटक्रमांक, पिकाचे नाव लिहिले. तिने विचारले, "फादर, यात आमचं नाव कुठे येतं?"

तो अर्ज अजून आमच्या मेजावर आहे. जमिनीचे मालक दर रविवारी पहिल्या मिस्सेला येतात व उजवीकडे दुसऱ्या बाकावर बसतात. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्यांना दाराशी थोडे थांबवून घ्यायचे आम्ही ठरवले आहे.